दादूचा डावा कान आणि साडेसहा किलोमीटरवरचा धबधबा

माझ्या नावावर इंटरनेटवर एक लेख आहे. 'मुलांना धबधब्यावर नेताय? या ११ गोष्टी विसरू नका!' हा लेख मी वडोदऱ्याला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, मे महिन्याच्या एका रटरटत्या दुपारी लिहिला. माझं लग्न झालेलं नाही, मला मुलं नाहीत आणि लेख लिहिला तेव्हा शेवटचा धबधबा बघून सात वर्षं झाली होती. कंटेंट रायटिंगमध्ये हे सगळं चालतं. बाळाला पहिला दात येताना काय करावं यावरही मी लिहिलंय, आणि लोक खाली 'थँक यू मॅडम, खूप उपयोग झाला' असंही लिहितात.

तर त्या ११ गोष्टींपैकी सातवी गोष्ट मी स्वतःच विसरले, आणि ती मला एका नऊ वर्षांच्या मुलाने आठवून दिली. पण त्याआधी आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते सांगते. आम्ही काही फक्त धबधबा बघायला गेलो नव्हतो.

माझी ताई गेली चार वर्षं हट बेला राहते. हट बे म्हणजे लिटल अंदमान बेटावरचं मुख्य गाव. अंदमान म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल येतं, सावरकरांची कोठडी येते आणि मग टूरवाल्यांच्या यादीतले दोन-तीन समुद्रकिनारे. लिटल अंदमान त्या यादीत सहसा नसतं. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण जहाजावर सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणत होते) दक्षिणेला जहाजाने सात-आठ तास. समुद्र खवळला की जहाज रद्द. भाऊजींची तिथे सरकारी नोकरी आहे. तीन वर्षांनी बदली होणार होती, ती झाली नाही. आता आणखी दोन वर्षं तरी तिथेच.

ताईला दोन मुलं. मोठा दादू, नऊ वर्षांचा. धाकटी चिऊ, पाच वर्षांची. दादूचा डावा कान वयाच्या सहाव्या वर्षापासून वाहतो. सर्दी झाली की कान फुटायचा, औषधाने बरा व्हायचा, दोन महिन्यांनी परत तेच. आमच्या आजीने फोनवरून लसणाचं कोमट तेल सुचवलं होतं. ते डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी अक्षरशः हात जोडले. शेवटी निदान झालं की पडद्याला छिद्र आहे, त्या कानाने बरंच कमी ऐकू येतं आणि ऑपरेशन करून पडदा शिवावा लागेल. तोवर कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. बेटावर राहणाऱ्या मुलाला हे सांगायचं! चारी बाजूंनी समुद्र, घराजवळ ओढा, वर्षातले आठ महिने पाऊस.

ऑपरेशन पोर्ट ब्लेअरला झालं असतं. पण नंतरच्या तपासण्या, पुन्हा ऐकण्याची चाचणी, दरवेळी जहाजाची तिकिटं, चिऊला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न... महिनाभर फोनवर घोळ घातल्यावर असं ठरलं की एप्रिलमध्ये शाळेचं वर्ष संपलं की दादू वडोदऱ्याला येईल. आमच्या आई-बाबांकडे, म्हणजे त्याच्या आजी-आजोबांकडे. ऑपरेशन तिथे होईल आणि एक वर्ष तो तिथल्याच शाळेत जाईल. ताई पहिला महिनाभर राहून परत जाईल.

हे सगळं ठरलं, फक्त दादूला कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये मी हट बेला गेले तेव्हा पहिल्याच रात्री ताईने भांडी घासता घासता विषय काढला. "तू सांगशील का त्याला? तुझं ऐकतो तो."

"मी? आई तू आहेस."

ती बराच वेळ कढईच घासत राहिली. मग म्हणाली, "मला जमणार नाही. आणि एक कर. सुट्टीला चाललास असं सांगू नकोस."

याला कारण आहे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती दहा वर्षांची असताना बाबांचा कारखाना बंद पडला आणि घरात पैशांची फार ओढाताण झाली. तिला पुण्याला काकांकडे पाठवलं. सांगितलं की सुट्टीला चाललीस, दिवाळीनंतर आणायला येतो. आणायला गेले ते दोन वर्षांनी. मी तेव्हा पाळण्यात होते. मला यातलं काहीच आठवत नाही, मला ते फक्त ऐकून माहीत आहे आणि तेही ताईकडून नाही, आईकडून. काका-काकूंनी तिला प्रेमाने सांभाळलं, याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण आजही पुणे स्टेशनला गाडी थांबली की ताई खिडकीतून बाहेर बघत नाही.

म्हणून शनिवारी मी दोन्ही मुलांना घेऊन धबधब्यावर जायचं ठरवलं. घरात सांगितलं असतं तर ताई दाराआड उभी राहून ऐकत बसली असती.

हट बेला एकच मोठा रस्ता आहे, जेट्टीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जाणारा. तिथले लोक गावांची नावं सांगायच्या ऐवजी जेट्टीपासूनचं अंतर सांगतात. कुठे राहता? अकरा किलोमीटर. बाजार कुठे? सोळा किलोमीटर. पहिल्या दिवशी मला वाटलं सगळे मला टाळतायत. व्हाइट सर्फ नावाचा हा धबधबा साडेसहा किलोमीटरवर आहे. बेटावर आणखी एक आहे, व्हिस्पर वेव्ह, पण तो बराच लांब आणि जंगलातून मोठी चाल आहे. पाच वर्षांची चिऊ सोबत असताना तो विचारच नको.

निघताना दादूने माझा बूट हातात घेऊन जमिनीवर दोनदा आपटला.

"अरे, काय करतोस?"

"घोण असते आत. मोठी. इथे सगळे आपटतात." मग चिऊचे बूट आपटले, मग स्वतःचे. माझ्या ११ गोष्टींच्या यादीत बूट होते, पण 'चांगली पकड असलेले' एवढंच होतं.

रिक्षा ठरवलेली होती. दादू म्हणाला, "काकू आलेत." मी बाईमाणूस शोधत फाटकापर्यंत गेले, तर पन्नाशीकडे झुकलेले मिशीवाले गृहस्थ हॅंडल धरून बसलेले. बंगालीत काकाला लाडाने काकू म्हणतात हे मला तिथे कळलं. १९७० च्या आगेमागे पूर्व बंगालमधल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या बेटावर जमिनी देऊन वसवलं, त्यांपैकी यांचं कुटुंब. चिऊ जन्मल्यापासून तिच्या कानावर जास्त हिंदी आणि बंगालीच पडलंय, त्यामुळे तिच्या जगात काकू पुरुष असतात आणि आमच्या पुण्याच्या काकू फोनवर आल्या की ती गोंधळते. मला मात्र काकूंनी लगेच 'मासी' करून टाकलं. मावशी आणि मासी, एवढाच फरक.

काकू गाडी चालवता चालवता बोलत होते. समुद्राच्या बाजूला हात करून म्हणाले, इथे आमचं पहिलं घर होतं. २६ डिसेंबर २००४. सुनामीने हट बेचा किनारा धुऊन नेला. ते आईला घेऊन जंगलाच्या उंच बाजूला पळाले आणि कित्येक रात्री तिथेच काढल्या. याच बेटावर ओंगे नावाची फार जुनी आदिवासी जमात राहते, आता जेमतेम शंभरावर माणसं उरलीयत. त्यांच्या राखीव भागात बाहेरच्या माणसाला जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. डुगॉंग क्रीकवरचे ओंगे त्या दिवशी वेळेवर उंचावर गेले आणि वाचले. हे मला काकूंनी नाही, दादूने सांगितलं. "समुद्र मागे गेला ना मावशी, की शिंपले गोळा करायला जायचं नाही. उलटं पळायचं." त्याने हे अशा सुरात सांगितलं जसं आपण मुलांना रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायला सांगतो.

मग रस्ता किनारा सोडून आत वळला. आधी लाल तेलाच्या पामची बाग लागली. सरकारने इथे सुमारे १६०० हेक्टरवर ही लागवड केली होती, आता ती तशीच पडून आहे आणि झाडांवर नेचे चढलेत. एकाच उंचीची, एका रांगेतली झाडं. त्यानंतर एकदम खरं जंगल येतं आणि आपल्याला दोन्हींमधला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. उजेड कमी होतो. गर्जनाची झाडं एवढी सरळसोट वर जातात की मान दुखते. पाडौक, वेताची काटेरी जाळी, मधेच एखादी वेल माझ्या मांडीएवढी जाड. आधी इथली लाकडं हत्ती ओढून आणायचे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तोडीवर मोठी बंधनं आली. काकूंचे वडील लाकडाच्या कामावर होते, त्यामुळे त्या आदेशाबद्दल त्यांचं मत माझ्यासारखं सरळ नव्हतं. "जंगल बचा, नोकरी गया," एवढंच म्हणाले आणि गाडी थांबवली.

छोटंसं तिकीट काढून पुढे पायवाट. काकू सोबत आले, नारळ फोडायचा कोयता खांद्यावर. चिऊ माझ्या बोटाला, दादू पुढे. मी मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूने चालायचा प्रयत्न करत होते कारण डावीकडून बोललेलं त्याला अर्धंच कळतं. त्यानेही त्याची युक्ती काढलेली आहे. कुणी डावीकडे आलं की तो सहज काहीतरी बघायचं निमित्त करून बाजू बदलतो. ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही.

आवाज आधी आला. रातकिड्यांचा कर्कश सूर चालू होता, त्याच्या खालून एक घोगरा आवाज. मी म्हटलं, "ऐकलंस?" चिऊ म्हणाली, "हो!" दादू काही बोलला नाही. मला जीभ चावावीशी वाटली.

धबधबा छोटा आहे हे आधीच सांगते. फोटोत मोठा दिसतो. दोन-तीन मजली घराएवढा कडा, त्यावरून पाणी एका धारेत न पडता बाजूबाजूला पाचसहा ठिकाणी फुटून पडतं, आणि खाली उथळ डोह. आमच्या लहानपणी बाबा पावसाळ्यात जांबुघोड्याजवळच्या हाथणी माताच्या धबधब्यावर न्यायचे. तिथे रविवारी पाण्यापेक्षा माणसं जास्त असायची, मक्याची कणसं, गाड्यांचे हॉर्न, कुणाचं तरी हरवलेलं मूल. इथे आम्ही चौघंच. बी.ए.ला मला इंग्रजी होतं, तीन वर्षं परदेशी कवींच्या डोंगरदऱ्यांवर उत्तरं लिहिली. इथे उभं राहिल्यावर त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. आठवलं ते कापसाचं.

ताईने डबीत कापसाचे बोळे दिले होते. व्हॅसलीन लावून डाव्या कानात घट्ट बसवायचे. दादू शहाण्यासारखा उभा राहिला. मग त्याने स्वतःच सांगितलं, "मी गुडघ्यापर्यंत जाणार. चिऊ कमरेपर्यंत जाऊ शकते." आणि तसंच केलं. चिऊ एका बारीक धारेखाली जाऊन किंचाळत होती, तिची वेणी सुटली होती, आणि दादू चार हातांवर गुडघाभर पाण्यात, हात पाठीमागे बांधून, एखाद्या रिटायर्ड आजोबांसारखा बघत उभा होता. मधेच एखादा तुषार आला की तो डावा कान तळहाताने झाकायचा. कंटाळला का म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "नाही. मी मासे बघतोय." खरंच बारीक मासे होते. त्याच्या पायांना येऊन चिकटत होते, कारण तो हलतच नव्हता. आम्ही दोघी धुडगूस घालत होतो, आमच्याकडे एकही आला नाही.

काकूंनी लांबून ओरडून सांगितलं, "मासी, बच्चा लोग को नीचे की तरफ मत जाने देना!" ओढा खाली जिथे खाडीला मिळतो तिकडे मगरींची भीती असते. लिटल अंदमानला खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि किनाऱ्यावर तशा पाट्याही आहेत. वरच्या बाजूला लोक निर्धास्त उतरतात, पण मी मनातल्या मनात चिऊ आणि खालच्या वळणामध्ये एक रेघ आखून टाकली.

तासाभराने दोघांना बाहेर काढलं. पाण्यालगत एक सपाट, रुंद दगड होता. त्यावर बसून ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ठेपले मी वडोदऱ्याहून आणलेले, चार दिवसांचे, पण बेटावर त्यांना फार मान आहे. मला वाटलं, हीच वेळ. चिऊ गोटे गोळा करण्यात गुंगली होती.

"दादू, तुला एक सांगायचं होतं."

"काय?"

"तुझ्या कानाचं ऑपरेशन..."

"काय?"

मी त्याच्या उजव्या बाजूला होते. पण पाण्याचा आवाज इतका होता की एका कानावर भागवणाऱ्याला त्यातून शब्द वेगळे काढताच येत नव्हते. मी मोठ्याने म्हटलं, "ऑपरेशन!" तो माझ्या ओठांकडे बघत होता. इतकी महत्त्वाची गोष्ट ओरडून कशी सांगायची? मी घशाशी आलेलं वाक्य गिळलं आणि त्याला आणखी एक ठेपला दिला. मुद्दाम शांत जागा म्हणून मी त्याला गाव सोडून आणलं होतं, आणि आणलं कुठे तर अख्ख्या बेटावरच्या सगळ्यात गोंगाटाच्या ठिकाणी. अकरा मुद्दे लिहिणाऱ्या बाईची ही अक्कल.

मी फोन काढला आणि चिऊचे फोटो घेऊ लागले. आमच्या डोक्यावर ऊन होतं. म्हणजे झाडांमधून जेवढं येईल तेवढं.

दादूने माझी बाही ओढली. "मावशी, पाणी बघ."

मी बघितलं. मला पाणी दिसलं.

"रंग बघ ना."

मघाशी तळाचे मासे दिसत होते. आता पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. पानं येत होती, एक-दोन नाही, झुबकेच्या झुबके, आणि मधे काटक्या. तोपर्यंत मला आवाजात काही फरक जाणवला नव्हता. दादू आवाजावर अवलंबून नसतो, तो बघतो.

"वर पाऊस आलाय. चिऊला घे," तो म्हणाला आणि डबा उचलून चालायलाही लागला.

मुद्दा क्रमांक सात. 'पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला किंवा पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी मुलांना तात्काळ बाहेर काढा. वरच्या भागात पाऊस झालेला असतो आणि डोंगराळ ओढ्याची पातळी काही मिनिटांत वाढते.' शब्दन् शब्द मी लिहिलेला. तो लेख मी दोनदा तपासला होता, शुद्धलेखनासाठी.

चिऊ आठ-दहा पावलांवर होती, पाण्यात घोट्यापर्यंत. मी धावले आणि दुसऱ्याच पावलाला शेवाळावरून घसरून गुडघ्यावर आपटले. चिऊ हसायला लागली. काकू कुठून आले कळलं नाही, त्यांनी तिला एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने मला उठवलं. पायवाटेवर चढून मागे वळून पाहिलं तर आमचा सपाट दगड अजून तिथेच होता. पाच मिनिटांनी तो अर्धा भिजला. आणखी दहा मिनिटांनी त्याच्यावरून पाणी जात होतं. मोठा लोंढा वगैरे काही आला नाही, उगाच वाढवून सांगत नाही. पोटरीभर पाणी असेल. पण पोटरी माझी. चिऊच्या मापाने ते बरंच वर गेलं असतं.

चिऊचे सगळे गोटे त्या दगडावर राहिले होते. त्यासाठी ती रडली.

मग पाऊस आमच्यावरही आला. वाटेच्या तोंडाशी एक पत्र्याचा आडोसा आहे, तिथे जाऊन बसलो. काकूंनी नारळ फोडला, मलई चिऊच्या हातात दिली आणि ते तिला घेऊन रिक्षाकडे गेले. मला वाटतं त्यांना अंदाज आला असावा, किंवा नुसतीच बिडी ओढायची असेल. दादू आणि मी बाकावर. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला अगदी खेटून बसले. गुडघ्यातून रक्त येत होतं, त्यावर त्याने त्याच्या कानासाठीचा जास्तीचा कापूस काढून ठेवला.

मी सांगितलं. सुट्टीला नाही, राहायला. ऑपरेशन वडोदऱ्याला होईल. नंतर एक पूर्ण वर्ष तिथली शाळा. आई एक महिना असेल, मग ती परत येईल. बाबा येतील तेव्हा येतील, कधी ते आत्ता सांगता येणार नाही. चिऊ इथेच राहील. मी त्याच घरात आहे, तुझ्या शेजारच्या खोलीत.

तो म्हणाला, "मला माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आई रात्री आजीशी फोनवर बोलते. मी डावा कान खाली करून झोपतो. मग सगळं ऐकू येतं."

मला काय बोलावं सुचेना. किती दिवसांपासून माहीत होतं विचारलं, तर म्हणाला गणपतीपासून. म्हणजे चार महिने हा मुलगा सगळं जाणून, आमच्यापैकी कुणीतरी सांगेल याची वाट बघत होता.

"मग तू आईला विचारलं का नाहीस?"

"ती रडली असती."

पावसाचा जोर थोडा कमी झाला. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली, एकामागून एक, जणू यादी तयारच होती. वडोदऱ्याच्या शाळेत गुजराती लिहावं लागेल का. आजीकडे बूट आपटावे लागतात का. ऑपरेशन करताना झोपवतात की जागं ठेवतात. जहाजाने जायचं की विमानाने. ऑपरेशननंतर विमानात बसलं तर कान फुटेल का. गुजराती शिकावं लागेल, पण अक्षरांवर आपल्यासारखी वरची रेघ नसते, तेवढंच काम कमी, असं मी सांगितलं. बूट आपटायची गरज नाही. झोपवतात. बाकीचं डॉक्टरांना विचारू, मला ठाऊक नाही. 'मला ठाऊक नाही' मी तीनदा म्हणाले. लेखांमध्ये हे वाक्य कधी लिहिता येत नाही.

शेवटचा प्रश्न जरा थांबून आला. "बरं झाल्यावर डोकं बुडवता येईल?"

"पडदा नीट बसला आणि डॉक्टर हो म्हणाले तर."

"मग आल्यावर मी त्या मोठ्या धारेखाली उभा राहणार. आख्खा."

आणि मग तो रडला. फार नाही. तोंड दुसरीकडे करून, पावसाकडे बघत. मी पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही, एवढंच. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाला, "आईला सांगू नको मला आधीपासून माहीत होतं ते."

मी हो म्हटलं. ताई, तू हे वाचशील तेव्हा मला माफ कर. त्याची परवानगी मी आता घेतली आहे.

अंदमानात डिसेंबरात पाच वाजले की सूर्य मावळतो. घड्याळ आपलं भारताचं, सूर्य मात्र खूप पूर्वेचा. त्यामुळे साडेतीनलाच निघालो. परतताना रिक्षात चिऊने विचारलं, "दादा, तू आजीकडे जाणार? मग तुझा पलंग कुणाला?" म्हणजे तिलाही माहीत होतं! दादू म्हणाला, "तुला. पण खिडकीकडची बाजू माझी." ती जाणाऱ्याने आधीच राखून ठेवलेली बाजू आहे आणि तिथे आपण झोपायचं नाही, हे चिऊने लगेच मान्य केलं. मी त्या वयात पाळण्यात होते, त्यामुळे ताईची कुठली बाजू मी घेतली हे मला कुणी सांगितलेलं नाही. विचारायला हवं.

घरी आलो तेव्हा ताई फाटकात उभी होती. तिने आधी माझा गुडघा पाहिला, मग दादूचा कान. बोळा काढून बघितला, कोरडा होता. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने दादूला जवळ ओढलं तर तो म्हणाला, "आई, भूक लागलीय. मावशीचे ठेपले संपले." ताई आत जाऊन भात टाकायला लागली. भाऊजी नेहमी जेवताना बातम्या लावतात, त्या दिवशी लावल्या नाहीत.

रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघी बाहेरच्या पायरीवर बसलो. ताईने सगळं विचारून घेतलं, काय म्हणाला, कसं म्हणाला, रडला का. मी थोडा रडला असं सांगितलं, कारण खोटं सांगायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. मग ती पुण्याबद्दल बोलली. पहिल्यांदाच, माझ्याशी तरी. काकांच्या घरी एक भिंतीवरचं कॅलेंडर होतं आणि ती दिवाळीपर्यंत रोज एक चौकोन खोडायची. दिवाळी झाल्यावर खोडायचं थांबवलं. "त्याला तारीख लिहून देऊ या," ती म्हणाली. "परत यायची. पुढच्या वर्षीची. बदलली तर बदलली असं सांगू, पण लिहून देऊ."

आमचा आवाज वाढला असावा. ताई सवयीने उठून मुलांच्या खोलीत डोकावली, मीही मागे गेले. मच्छरदाणीत चिऊ आडवीतिडवी. दादू भिंतीकडे तोंड करून, गाढ झोपेत, आणि त्या रात्री त्याचा उजवा कान खाली होता.